सुटीचे दोन दिवस आणि पाठीचा कणा

मे महिना उजाडला कीं शहरांतील घरांना डोंगराचे वेध लागतात. परीक्षा आटोपलेल्या असतात, मुलें घरांत मावेनाशीं होतात, आणि शनिवार-रविवारास लागून एखादी सरकारी सुटी आली म्हणजे "दोन दिवस कोठें तरी जाऊं या" हा घोष थोरांपासून पोरांपर्यंत सर्वांच्या तोंडीं सुरू होतो. आमचें घर चौदा माणसांचें. इतक्या माणसांना घेऊन लांबचा प्रवास झेपत नाहीं; म्हणून ठाणें जिल्ह्यांतील शहापूर आणि मुरबाड हे दोन तालुके आमच्या नित्याच्या वारीचे झाले आहेत. शहापुरास जावयाचें तर कसाऱ्याच्या गाडीनें आसनगांवास उतरावें किंवा मुंबई-नाशिक रस्त्यानें मोटारीनें जावें; मुरबाडास जावयाचें तर कल्याणहून माळशेज घाटाकडे जाणारा रस्ता धरावा. एका बाजूस माहुलीचा गड, तर दुसऱ्या बाजूस गोरखगड, सिद्धगड आणि नाणेघाट. दोन दिवसांत शरीर दमवावें आणि मन ताजें करून परतावें, अशीच ही भूमि आहे.

परंतु मन ताजें झालें आणि शरीर मात्र आठ दिवस अंथरुणास खिळलें, तर त्या सुटीचा लाभ तो काय? तीन वर्षांपूर्वीं आमच्या घरीं हेंच घडलें. तो प्रकार आणि त्यांतून आम्ही जें शिकलों तें वाचकांपुढें ठेवण्याचें योजिलें आहे. कारण येत्या सुटींत पुष्कळ घरांतून हाच प्रकार घडण्याचा संभव आहे.

हिशेब कोठें चुकला?

त्या वर्षीं आम्ही माहुलीच्या पायथ्याजवळ एका आप्तांच्या आंबराईंत उतरलों होतों. शनिवारीं सकाळीं पोंचलों, रविवारीं पहांटे सात जण गडावर जाऊन आले, आणि रात्रीं सर्व मंडळी घरीं परतली. सोमवारीं उठून पाहावें तों चौदांपैकीं पांच जणांची पाठ किंवा मान धरलेली! काकांनीं तीन तास मोटार हांकली होती आणि उतरल्याबरोबर सामानाची मोठी पेटी उचलली होती. तेव्हांची कंबरेंतली कळ आतां वाढली होती. पुतण्याची मान एका बाजूस वळेना. धाकट्या बंधूंनीं वर्षभरांत चेंडू हातांत धरला नव्हता; त्यांनीं शनिवारीं संध्याकाळीं मुलांपुढें सलग दीड तास गोलंदाजी केली होती, त्यांना वांकून पायांत मोजे घालतां येईनात. आजींची मान परक्या घरच्या उंच उशीनें धरली होती. आणि थोरल्या वहिनी न्हाणीघरांत बादली उचलावयास वांकल्या, त्या सरळच होईनात.

आमची पहिली समजूत अशी कीं गड बाधला. पण मोजून पाहिलें तर गडावर गेलेल्या सातांपैकीं पुतण्या हा एकटाच या यादींत होता. काका, बंधु आणि आजी यांनीं गड खालूनच पाहिला होता. वहिनींनीं तर तोहि पाहिला नव्हता. त्या दोन दिवसांत त्यांनीं मान वर केली ती विहिरीच्या रहाटाकडे पाहण्यापुरती.

आमच्या परिचयाचे एक अस्थिरोगतज्ज्ञ वहिनींना पाहावयास आले. त्यांनीं सर्व हकीकत ऐकून घेतली आणि म्हणाले, "चढलें कोण हें मला नको. वांकलें कोण आणि किती वेळ, तें सांगा." मग आम्ही हिशेब मांडूं लागलों. चौदा माणसांचा दोन्ही वेळचा स्वयंपाक जमिनीवरच्या चुलीवर. विहिरीचें पाणी ओढून न्हाणीपर्यंत नेणें. विळीवर बसून कैऱ्या चिरणें आणि फणस फोडणें. धाकट्या मुलाला कडेवर घेऊन एका हातानें पंगत वाढणें. सर्वांचीं अंथरुणें घालणें आणि काढणें. घरीं ओट्यापाशीं उभें राहून काम करणाऱ्या वहिनी त्या दोन दिवसांत दहाबारा तास तरी कंबरेंत वांकून होत्या. त्यांना कोणी विचारलें नाहीं आणि त्यांनीं कोणाला सांगितलें नाहीं. सुटीस आम्ही गेलों होतों. वहिनी गेल्याच नव्हत्या.

कण्याची रचना

पाठीचा कणा हें एक हाड नसून ती मणक्यांची माळ आहे. मानेचे सात, पाठीचे बारा आणि कंबरेचे पांच असे चोवीस सुटे मणके एकावर एक रचलेले असून त्यांच्या खालीं त्रिकास्थि आणि माकडहाड आहे. मानेचे वरचे दोन मणके सोडले तर प्रत्येक दोन मणक्यांमध्यें कूर्चेची एक चकती असते. तिच्या मध्यभागीं पाणी धरून ठेवणारा मऊ गर असतो व भोंवतीं चिवट धाग्यांचीं वलयें असतात. या चकत्या, मणक्यांना बांधणारे बंध आणि दोन्ही बाजूंचे स्नायु मिळून शरीराचा सारा भार तोलतात.

या रचनेविषयीं दोनच गोष्टी ध्यानांत ठेवल्या तरी पुष्कळ अनर्थ टळेल. पहिली गोष्ट अशी कीं, ओझें किती यापेक्षां तें शरीरापासून किती दूर धरलें याला अधिक महत्त्व आहे. भरलेली कळशी पोटाशीं धरून चाला, आणि मग तीच हात लांब करून धरून पाहा. कळशी तीच, पण कंबरेचे स्नायु लगेच कुरकुरूं लागतात. स्वीडनमधील आल्फ नाखेमसन या शल्यवैद्यांनीं १९६० नंतरच्या दशकांत जिवंत माणसांच्या कंबरेच्या चकतींत सुई घालून आंतील दाब मोजला. निजलेल्या माणसांत तो सर्वांत कमी, उभ्या माणसांत त्याहून अधिक, आणि पुढें वांकून ओझें उचलणाऱ्यांत कितीतरी पटींनीं अधिक, असें त्यांना आढळलें.

दुसरी गोष्ट सकाळची. रात्रीं आपण निजलों म्हणजे चकत्यांवरील भार उतरतो व त्या पाणी शोषून फुगतात. म्हणूनच मनुष्य सकाळीं उठतो तेव्हां रात्रीपेक्षां सुमारें एक सेंटिमीटर किंवा थोडा अधिकच उंच असतो. फुगलेली चकती ताठ असते आणि अशा वेळीं वांकलें असतां तिच्यावर ताण अधिक पडतो. अमेरिकेंत १९९८ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत पाठदुखीच्या रोग्यांना सकाळचें वांकणें टाळावयास शिकविलें, तेव्हां त्यांचें दुखणें कमी झालें. आमच्या वहिनींची पाठ सोमवारीं सकाळीं पहिल्याच बादलीला कां गेली, याचा उलगडा आम्हांस येथें झाला.

यावरून कणा ही कांचेची वस्तु आहे असें मात्र कोणी समजूं नये. तो बळकट आहे आणि कामानें अधिक बळकट होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणें २०२० सालीं जगांत ६१ कोटी ९० लक्ष माणसांना कंबरदुखी होती. त्यांपैकीं बहुतेकांच्या दुखण्यामागें कोणताहि भयंकर रोग नसतो. कण्याला श्रमाचें वावडें नाहीं. त्याला वावडें आहे तें अकस्मात् श्रमाचें. पन्नास आठवडे खुर्चींत बसावयाचें आणि एका शनिवारीं त्याच्याकडून सारें वसूल करावयाचें, हा व्यवहार त्याला मानवत नाहीं.

निघण्यापूर्वीं

म्हणून सुटीची तयारी पेट्या भरण्यापासून नव्हे, तर तीन आठवडे आधींपासून करावी. रोज अर्धा तास भरभर चालावें. दुसऱ्या आठवड्यापासून पाठीवर थोडें ओझें घेऊन जिने चढावे-उतरावे. दहापंधरा उठाबशा काढाव्या. कारण ओझें उचलावयाचें तें मांड्यांनीं, आणि मांड्यांना तें बळ आधीं द्यावें लागतें. आपल्या घरांतून सूर्यनमस्कारांची परंपरा आहे. औंधचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत आपल्या संस्थानांतील शाळांतून त्यांचा प्रसार केला होता. ज्यांचा सराव सुटला असेल त्यांनीं तो पांचसहा नमस्कारांपासून हळू हळू वाढवावा, आणि उठल्याबरोबर न घालतां थोडा वेळ हिंडून-फिरून मग घालावे. ज्यांना पूर्वींपासून पाठीचें दुखणें आहे त्यांनीं आपल्या वैद्यांस विचारावें.

सामान भरतांनाहि एक नियम पाळावा. एका मोठ्या पेटीऐवजीं चार लहान पिशव्या कराव्या. घरांतील बारा वर्षांच्या मुलाला जी पिशवी सहज उचलतां येईल तेवढीच ती भरावी. म्हणजे ती कोणीहि उचलूं शकतो आणि मोठ्या पेटीपाशीं शौर्य दाखविण्याची वेळ कोणावर येत नाहीं.

वाटेवर

मोटारींत कंबरेच्या मागें गुंडाळलेला पंचा किंवा लहानशी उशी ठेवावी आणि दर तासानें गाडी थांबवून पांच मिनिटें चालावें. शहापुराच्या वाटेवर पडघ्यास आम्ही आतां न चुकतां उतरतों. चहा हें निमित्त, चालणें हा उद्देश. मुक्कामीं पोंचल्याबरोबर सामानास हात घालूं नये. बराच वेळ बसून राहिलेली कंबर आळसावलेली असते. तिला आधीं आंगणांतून एक फेरी घडवावी, मग ओझें दाखवावें. काकांनीं एवढें केलें असतें तर त्यांची सुटी वांचली असती.

मानेची गोष्ट थोडी निराळी. मनुष्याचें डोकें सुमारें पांच किलो वजनाचें असतें. तें सरळ असतां मणके तें सुखानें तोलतात. पण तेंच पुढें झुकवून तासन् तास हातांतल्या मोबाईलकडे पाहत राहिलें तर सारा भार मानेच्या मागच्या स्नायूंवर येतो. आमच्या पुतण्यानें जातांनाचा सारा प्रवास असा केला, येतांना बसल्या बसल्या मान लोंबकळवून झोंप घेतली, आणि मधल्या वेळांत एकाच खांद्यावर पिशवी अडकवून गड चढला. ज्याला यंत्र पाहावयाचेंच असेल त्यानें तें डोळ्यांच्या पातळीला आणावें व मधून मधून खिडकीबाहेर पाहावें. वासिंदापुढें डोंगर दिसूं लागतात, ते पाहण्यासारखे आहेत. ज्याला झोंप येते त्यानें मानेभोंवतीं जाड उपरणें गुंडाळून डोकें मागें टेकावें.

गडावर आणि डोहावर

माहुली हा ठाणें जिल्ह्यांतील एक उंच गड. समुद्रसपाटीपासून अडीच हजार फुटांहून अधिक. १६३६ सालीं शहाजीराजांना मोगलांशीं तह करावा लागला तो याच गडाच्या वेढ्यानंतर. असा इतिहास सांगत सांगत चढावें, म्हणजे चाल आपोआप मंद राहते. मे महिन्यांत पहांटेच निघून ऊन्ह तापण्याच्या आंत उतरावयास लागावें. तहानेनें व उन्हानें दमलेल्या मनुष्याचें पाऊल घसरतें, आणि घसरतें तेव्हां कंबरेला हिसका बसतो.

पाठीवरची पिशवी दोन्ही खांद्यांवर घ्यावी आणि तिला कंबरेचा पट्टा असल्यास तो बांधावा, म्हणजे भार खांद्यांवरून कंबरेच्या हाडांवर उतरतो. जड वस्तु, विशेषतः पाण्याच्या बाटल्या, पिशवींत पाठीला लागून ठेवाव्या. पिशवीचें वजन आपल्या वजनाच्या दशांशापेक्षां फार वाढूं देऊं नये. उतरतांना हातांत काठी असावी व पावलें लहान टाकावीं. चढण छातीची परीक्षा घेते, उतरण गुडघ्यांची आणि कंबरेची. मुरबाडच्या बाजूस गोरखगडाला जाणाऱ्यांनीं एक विशेष काळजी घ्यावी. त्याच्या शेवटच्या सुळक्यावरील कातळांत खोदलेल्या पायऱ्या उभ्या आहेत. तेथें पाठीवरचें ओझें मनुष्यास मागें ओढतें. ओझीं खालीं गुहेपाशीं ठेवून एकानें राखणीस बसावें, हें उत्तम.

वैशाखऱ्याच्या बाजूनें नाणेघाट चढणाऱ्यांस वर एक मोठा दगडी रांजण दिसतो. सातवाहनांच्या काळापासून या वाटेनें कोंकणांतला माल घाटावर जात असे आणि जकातीचा पैसा या रांजणांत पडे, अशी प्रसिद्धि आहे. तो माल जनावरांच्या आणि माणसांच्या पाठीवरूनच गेला असला पाहिजे. त्या वाटेवर उभें राहिलें कीं ओझें वाहणें ही मनुष्याची जुनी विद्या आहे, हें पटतें. आणि विद्या म्हटली कीं ती शिकावी लागते, हेंहि ओघानें आलेंच.

येथेंच एक कठोर सूचना देणें आम्हांस अवश्य वाटतें. काळू, भातसा यांसारख्या नद्यांचे डोह उन्हाळ्यांत आटलेले असतात व वरून खोल दिसणाऱ्या पाण्याखालीं कातळ असतो. अशा पाण्यांत डोकें खालीं करून सूर मारणें म्हणजे मानेचा मणका मोडून घेणें होय. आणि मानेंतील मज्जारज्जूस इजा झाली तर तरुण मुलगा जन्माचा पांगळा होतो. इतर सर्व चुकांचें दुखणें आठवड्यानें जातें, या चुकीचें जात नाहीं. मुलांना पाण्यांत उतरूं द्यावयाचें असेल तर माहितगार मनुष्य बरोबर असावा, पायांनीं चाचपडत उतरावें, आणि सूर मुळींच मारूं नये.

चूल, विळी आणि रहाट

आतां ज्या भागांत आमचा हिशेब खरोखर चुकला होता त्याकडे वळूं. गडावरची खबरदारी सर्वजण घेतात. स्वयंपाकघरांतली कोणी घेत नाहीं. दुसऱ्या वर्षीं आम्ही मुरबाड तालुक्यांत गेलों तेव्हां निघण्यापूर्वींच कामांची वांटणी कागदावर लिहून काढली. ती करतांना पुरुषमंडळींनीं थोडी थट्टा केली. पण वहिनींचे ते आठ दिवस सर्वांस आठवत होते. त्या आठ दिवसांत चौदा माणसांच्या घराचा गाडा कोणाच्या पाठीवर चालतो हें आम्हांस न बोलतां कळलें होतें.

वांटणी अशी होती. पाणी ओढण्याचें काम तरुणांकडे, आणि एका दमांत दहा बादल्यांपेक्षां अधिक कोणीं ओढावयाच्या नाहींत. रहाटापाशीं उभें राहतांना एक पाय पुढें, एक मागें ठेवावा, आणि दोर ओढतांना कंबर न वांकवितां सारें शरीर मागेंपुढें न्यावें. भरलेली एक बादली एका हातांत नेण्यापेक्षां अर्ध्या भरलेल्या दोन, दोन्ही हातांत न्याव्या. वाढण्याचें काम काकांकडे, अंथरुणांचें मुलांकडे. स्वयंपाकाची चूल शक्य तर उंचवट्यावर मांडावी. नसेल तर चुलीपुढें पाट किंवा बुटकें स्टूल घेऊन बसावें, उकिडवें राहून कंबर दुमडूं नये. विळीवर एकाच व्यक्तीनें अर्ध्या तासाहून अधिक बसूं नये. कैऱ्यांचें टोपलें दुसरीकडे द्यावें आणि उठून आंगणांत जाऊन यावें. मागें हात टेकून कंबर पांचसात वेळां हळूच मागें वांकवावी. पुढें वांकून वांकून आलेला ताण त्यानें पुष्कळ सैल होतो.

उचलण्याची रीत घरांतील सर्वांस शिकवावी. झाडावरून उतरविलेला दहाबारा किलोंचा फणस समोर आहे असें समजा. त्याच्या अगदीं जवळ जावें, पाय खांद्यांइतके फांकवावे, गुडघ्यांत बसावें, फणस पोटाशीं घट्ट धरावा, आणि मांड्यांच्या बळावर उठावें. उठल्यावर दिशा बदलावयाची असेल तर कंबर पिळूं नये, पावलें वळवावीं. मूल उचलतांनाहि हीच रीत. कडेवरचें मूल एकाच बाजूस तासभर ठेवूं नये, आणि चार वर्षांच्या मुलाला पायांनीं चालूं द्यावें. त्याचाहि त्यांत लाभ आहे. खेळावयास उतरणाऱ्या प्रौढांनीं आधीं दहा मिनिटें अंग गरम करावें व दोन षट्कांवर समाधान मानावें.

रात्रीं

पाहुण्या घरीं अंथरूण-पांघरूण जसें मिळेल तसें घ्यावें लागतें. पण उशी आपली आपण न्यावी. कुशीवर निजणाऱ्याची उशी खांद्याच्या रुंदीइतकी उंच असावी, उताण्याची त्याहून सखल. मान छातीकडे दुमडली जाईल अशा दोन उशा एकावर एक घेऊं नयेत. कंबर दुखणाऱ्यानें कुशीवर निजावें व दोन गुडघ्यांमध्यें एक उशी किंवा गुंडाळलेलें पांघरूण घ्यावें. उताणें निजावयाचें तर तेंच गुडघ्यांखालीं घ्यावें. पालथें निजल्यानें मान रात्रभर एका बाजूस पिळलेली राहते, म्हणून तें टाळावें. सकाळीं एकदम उठून न बसतां आधीं कुशीवर वळावें, पाय अंथरुणाबाहेर घ्यावे, आणि हातांचा आधार घेऊन उठावें. पहिला अर्धा-पाऊण तास ओझें व वांकणें दोन्ही वर्ज्य समजावीं. अंथरुणांच्या घड्या तेवढा वेळ थांबूं शकतात.

दुखूं लागलें तर

इतकी काळजी घेऊनहि कधीं कंबर धरते. अशा वेळीं खेडेगांवांत पायाळू मनुष्याला बोलावून पाठीवर पाय लावून घेण्याची किंवा कोणाकडून तरी मान मोडून घेण्याची सूचना हटकून होते. सूचना करणाऱ्याच्या मनांत मायाच असते. परंतु मूळ दुखापत काय आहे हें ठाऊक नसतां दिलेला हिसका धोक्याचा असतो. त्यांना गोड शब्दांत नाहीं म्हणावें.

पूर्वीं अशा रोग्यास आठआठ दिवस फळीवर निजवीत. आतां वैद्यकशास्त्राचें मत बदललें आहे. साध्या पाठदुखींत फार तर दिवसभर विश्रांति घ्यावी आणि मग सोसेल तितकें हिंडावें-फिरावें. निजून राहिल्यानें स्नायु दुबळे होतात आणि दुखणें लांबतें. वहिनींना आम्ही प्रेमापोटीं पहिले चार दिवस उठूंच दिलें नाहीं, तीहि आमची चूकच होती. गरम पाण्याच्या पिशवीचा शेक बरा वाटतो. वेदनाशामक गोळी वैद्यांस विचारून घ्यावी. पित्ताचा, मूत्रपिंडाचा किंवा रक्तदाबाचा विकार असणाऱ्यांनीं तर आपल्या मनानें मुळींच घेऊं नये.

कांहीं लक्षणें मात्र अशीं आहेत कीं तीं दिसतांच क्षणभरहि थांबूं नये. लघवी अडली किंवा नकळत होऊं लागली, मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला, पायांतली अगर हातांतली शक्ति गेली, पाठदुखीबरोबर ताप आला, किंवा उंचावरून पडल्यावर दुखूं लागलें, तर ताबडतोब रुग्णालय गांठावें. शहापूर व मुरबाड या दोन्ही गांवीं सरकारी रुग्णालयें आहेत, आणि १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावतां येते. पडलेल्या मनुष्याच्या मानेला इजा झाल्याचा संशय असेल तर त्याला उठवूं-बसवूं नये. डोकें, मान व धड एका रेषेंत स्थिर ठेवून मदतीची वाट पाहावी.

विहिरीवरचें बोलणें

एक गोष्ट सांगावयाची राहिली आहे. आंबराईंतल्या त्या विहिरीवर जवळच्या पाड्यावरील बायका पाणी भरावयास येत. त्यांच्या पाड्याची विहीर एप्रिलांतच आटली होती. शहापूर तालुका हा पाण्याचा धनी. १८९२ सालीं पुरा झालेला तानसा तलाव येथलाच, आणि मुंबईला जें पाणी मिळतें त्यांतलें निम्म्याच्या आसपास पाणी पुरविणारें भातसा धरणहि येथलेंच. तरी याच तालुक्यांतील कितीतरी पाडे उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहतात. पंधरा लिटरचा हंडा भरला कीं त्यांतलें पाणीच पंधरा किलो; त्यावर दुसरा हंडा, आणि कडेवर कळशी. डोक्यावरून पाणी वाहणाऱ्या स्त्रियांत मानेचें दुखणें अधिक आढळतें, असें दक्षिण आफ्रिकेंत व इतरत्र झालेल्या पाहण्यांत दिसून आलें आहे. शहरांतला पाहुणा त्या बायकांची सरळ चाल पाहून "यांची पाठ कशी लोखंडाची!" म्हणून कौतुक करतो. आम्हींहि केलें होतें.

त्यांतल्या एका प्रौढ बाईशीं वहिनींचें बोलणें झालें होतें. तें त्यांनीं आम्हांस सांगितलें पुढल्या वर्षीं, मुरबाडला कामांची वांटणी झाल्यानंतर. वहिनींनीं विचारलें होतें, "मावशी, एवढ्या ओझ्यानें मान दुखत नाहीं का हो तुमची?"

ती म्हणाली होती, "दुखती ना, ताई. पन सांगायचं कोनाला? पानी काय आपल्या पायांनी घरी येतंय?" आणि रहाटाचा दोर ओढणाऱ्या वहिनींकडे पाहून तिनें विचारलें होतें, "तुमची दुखती का?"

"मी नाहीं म्हणालें," वहिनींनीं आम्हांस सांगितलें. "त्या दोन दिवसांत मला असें विचारणारी ती एकटीच."

आम्हांपैकीं कोणी कांहीं बोललें नाहीं. बोलण्यासारखें कांहीं नव्हतें.

त्या बाईच्या डोक्यावरचा हंडा उतरविणें हें एका घराच्या हातचें काम नाहीं. तिच्या पाड्यापर्यंत नळ जावा याचा आग्रह मुंबईचें पाणी पिणाऱ्या आपण सर्वांनीं धरावयास हवा. पण जी पाठ आपल्याच घरांत वांकलेली आहे तिची विचारपूस करण्याला सरकारची वाट पाहावी लागत नाहीं. पाठीच्या आरोग्याचे वर सांगितलेले सर्व नियम खरे आहेत. तथापि आमच्या अनुभवानें पहिला नियम हा कीं, घरांतील ओझें कोणावर किती पडतें हें मोजावें आणि तें वांटून घ्यावें. दिवसांतून एकदां, रात्रीं जेवणें झाल्यावर, प्रत्येकास विचारावें, "आज कोणाचें काय दुखतें?" आणि जी "कांहीं नाहीं" म्हणेल तिला पुन्हा एकदां विचारावें.

यंदा आम्ही पुन्हा शहापुरासच गेलों. रविवारीं पहांटे गडाकडे निघालेल्या मंडळींत थोरल्या वहिनी होत्या. त्या अर्ध्या वाटेपर्यंतच आल्या. पुढें शिडीची वाट आहे हें ऐकून एका झाडाखालीं बसल्या आणि तेथून खालच्या रानाकडे व दूरवर चमकणाऱ्या पाण्याकडे पाहत राहिल्या. खालीं आंबराईंत त्या वेळीं काका पोहे परतीत होते. ते थोडे करपले. सोमवारीं सकाळीं मात्र आमच्या घरांत चौदाहि माणसें आपआपल्या पायांवर उभीं होतीं.